पहिल्या अर्काचा निकाल

नझीहाला एकाएकी देवाची ओढ लागल्याची बातमी ट्युनिशियातल्या नाबुल गावच्या त्या गल्लीत पसरवण्याचं पुण्य तिच्या धाकट्या दिराचं, हेदीचं. फेब्रुवारीत तिचे केस गळाले, तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि शेजारच्या रशीदानं भिंतीवरून विचारलं, "हे काय नवीन?" आता खरं सांगायचं तर त्या आजाराचं नाव घ्यायला हवं. आणि नाव घेतलं की तो हाक मारल्यासारखा घरात येतो, असं या घरात तीन पिढ्या मानत आल्या होत्या. हेदीला दुसरं काही सुचेना. "वहिनीचं मन आता देवाकडे लागलंय," तो म्हणाला.

रमजान सोडून जिनं एक दिवस सिगारेट चुकवली नव्हती आणि जिच्या शिव्या ऐकून मासळीबाजारातले लोक अदबीनं वाट द्यायचे, त्या बाईविषयी हे बोलणं चाललं होतं. पण रशीदानं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी तिनं जपमाळ आणून दिली, तिसऱ्या दिवशी बायकांच्या प्रवचनाचं आमंत्रण.

"यापेक्षा कॅन्सर म्हटलं असतं तर दोन वाक्यांत आटपलं असतं," नझीहा नवऱ्याला म्हणाली. तिनं तो शब्द उच्चारला मात्र, ताहर उठला आणि स्वयंपाकघरातला नळ खोलून बसला.

ताहरचं हे असंच. डिसेंबरात तिची उजवी छाती काढली, त्या दिवसापासून त्यानं घरातली एक वस्तू सुखानं नांदू दिली नव्हती. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस, हात शिवशिवायचे. नळ तीनदा दुरुस्त झाला. मग फ्रिज, मग शिवणयंत्र, मग भिंतीवरचं घड्याळ. ते बिघडलेलं नव्हतं, पण त्यानंतर बिघडलं. मुलगी एम्ना शाळेत गणित शिकवायची. तिनं गोळ्यांचा तक्ता करून फ्रिजवर लावला होता आणि दिवसातून चारदा "आई, मन आनंदी ठेवायचं" म्हणायची, तेही दटावून. हेदी दर शुक्रवारी उंटिणीचं दूध आणायचा. सगळे सारखे हसत असायचे. इतकं हसू नझीहानं लग्नघरात पाहिलं नव्हतं, आणि त्या हसण्याच्या गर्दीत "मला भीती वाटते" एवढे तीन शब्द टेकवायला कुठे जागा नव्हती.

ट्यूनिसच्या इस्पितळात मनाची चौकशी करणारी एक तरुण डॉक्टरीण होती. प्रत्येक डोसच्या आधी ती एक कागद पुढे सरकवायची. त्यावर थर्मामीटरचं चित्र, तळाला शून्य, डोक्यावर दहा. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, यावर खूण करा. नझीहा दर वेळी तीनवर खूण करायची. शून्य म्हटलं असतं तर पोरीचा विश्वास बसला नसता. आठ-नऊ म्हटलं असतं तर तिनं दार लावून खुर्ची जवळ ओढली असती, आणि बाहेर बसलेल्या ताहरनं त्या दाराच्या बिजागऱ्या दुरुस्त करायला घेतल्या असत्या. तीन हा आकडा सभ्य होता. त्यामुळे कुणाला काही करावं लागत नव्हतं.

चौथा डोस गुरुवारी होता. आज मंगळवार, आणि आज घरी नारिंगाच्या फुलांचा अर्क काढायचा होता. नझीहानं कुणाला न सांगता या दिवसावर पैज लावली होती. दुसऱ्या डोसपासून तिच्या नाकातोंडात धातू शिरला होता. भाकरी लोखंडाची, कॉफी लोखंडाची, ताहरच्या मानेचा वाससुद्धा लोखंडाचा. डॉक्टर म्हणाले, "वास परत येईल. कधी, ते सांगता येत नाही." मोठे डॉक्टर होते, त्यामुळे एवढं सांगायला त्यांना दहा मिनिटं लागली. तर पैज अशी होती: आज फुलांचा वास आला, तर गुरुवारी जायचं. नाही आला, तर पुरे. डोस नको, इस्पितळ नको, तो कागदही नको.

कारण ते नाक एकट्या नझीहाचं नव्हतं, घराचं होतं. भट्टीतून पहिला अर्क उतरतो तो जहाल असतो, पुढे तो पातळ होत जातो. पहिली सुरई कधी काढून दुसरी लावायची, तो क्षण नाकानं ठरवायचा. दोन मिनिटं उशीर झाला की सुरईभर अर्काला उकडलेल्या पाल्याची चव येते. सासूबाईंनी, म्हणजे खदूजाबाईंनी, हे काम एकतीस वर्षांपूर्वी मोठी सून म्हणून नझीहाच्या हाती दिलं. धाकटी सून मोंजिया, हेदीची बायको, ही मानानं धाकटी पण वयानं दोन वर्षांनी मोठी, आणि शिवाय दार शाबान गावच्या अर्क काढणाऱ्या घरची लेक. तिनं हा निकाल कधी मानला नाही. एकतीस वसंतांत नझीहानं "झालं" म्हटलं की मोंजियानं "अजून नाही" म्हटलं आणि नझीहानं "उत्तम" म्हटलं की मोंजियानं नाक मुरडलं. एका वर्षी भरली सुरई भिंतीवर फुटली होती. कुणी फेकली यावर अजून एकमत नव्हतं, पण तेव्हापासून निकालाच्या वेळी हेदी सुरई उचलून जरा लांब ठेवायचा.

मोंजिया सकाळी आठला आली ती हातात उशी घेऊन.

"हे काय?" नझीहानं विचारलं.

"तुझ्या पाठीला," मोंजिया गोड आवाजात म्हणाली. "बस हं. तू काही करू नकोस."

नझीहानं उशीकडे संशयानं पाहिलं. मोंजियाकडून तिला मिळालेली याआधीची शेवटची वस्तू म्हणजे मीठ जास्त झालेलं लोणचं, आणि त्याआधीची म्हणजे डोळ्याला लागलेला चपलेचा पट्टा. तरी ती बसली. अंगणात पांढऱ्या चादरींवर पहाटे तोडलेली फुलं पसरली होती आणि एम्ना त्यांतला पाला वेचत होती. सगळे म्हणत होते, यंदा वास काय सुटलाय. नझीहा मान हलवत होती. चादरीवर धुतलेले खिळे पसरले असते तरी तिला फरक कळला नसता. पण फुलांना उकळी लागल्यावरची गोष्ट वेगळी, असं तिनं स्वतःला बजावलं. भट्टीतून उतरेल तेव्हा येईल.

ताहरनं चूल पेटवली. तांब्याची भट्टी आरशासारखी लखलखत होती.

"कल्हईवाल्याकडे नाही दिलीस यंदा?" हेदीनं विचारलं.

"मीच केली. आतून कल्हई, आणि नळीचा जोड झाळला."

"तुला येतं ते?"

"येतं की."

"घड्याळ पण येत होतं," नझीहा म्हणाली.

सगळे हसले, होता त्या विनोदापेक्षा बरंच जास्त. एम्ना तर डोळे पुसायला लागली. नझीहाला वाटलं, हिला एक कानाखाली द्यावी आणि मग जवळ घ्यावं, किंवा उलट.

थेंब पडायची वेळ झाली आणि रशीदानं भिंतीवरून डोकं काढलं. "नझीहा, पहिल्या थेंबाला दुआ तूच म्हण. आता तुझ्या तोंडची लागेल."

हेदीनं जमिनीकडे पाहिलं. नझीहानं डोळे मिटले, बिस्मिल्ला म्हटलं आणि मनात त्याला जोडून एवढंच म्हटलं: येऊ दे. बाकी काही मागत नाही, एवढा वास येऊ दे.

नळीतून थेंब पडला, मग दुसरा, मग धार लागली. ताहरनं छोट्या पेल्यात थोडा अर्क धरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे केला. नझीहानं पेला नाकाशी नेला. लोखंड. परत हुंगलं. लोखंडच, नवं, घासून काढलेलं. तिनं घोट घेतला तर जिभेवर जणू कुणी खिळा ठेवला. फुलांचा मागमूस नव्हता.

संपलं, तिला वाटलं. एवढंच होतं. समोर चार चेहरे हसत उभे होते, आणि त्या चेहऱ्यांना हे सांगायची ताकद तिच्यात नव्हती.

"उत्तम," ती म्हणाली. "कित्येक वर्षांत असा उतरला नव्हता."

पेला फिरला. ताहरनं हुंगलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "वा." एम्नानं घोट घेतला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "खूप छान झालाय, आई." हेदीनं उरलेला पेला एका दमात पिऊन टाकला आणि बराच वेळ खोकला. "अप्रतिम," तो म्हणाला. "जरा अंगावर येतो. पण अप्रतिम."

मग सवयीनं त्यानं सुरई उचलून भिंतीपासून लांब ठेवली, आणि सगळ्यांनी मोंजियाकडे पाहिलं.

मोंजियानं नवा पेला भरून घेतला. हुंगलं. तिच्या नाकपुड्या थरथरल्या. परत हुंगलं. तिनं हेदीकडे पाहिलं, हेदीनं हळूच मान हलवली. मोंजियानं चेहऱ्याची घडी नीट केली आणि हसली.

"जाऊबाई म्हणतात तसंच," ती म्हणाली. "उत्तम."

अंगणात चूल तेवढी फुरफुरत होती. नझीहा मोंजियाकडे बघत राहिली. डॉक्टरांनी अहवाल वाचून दाखवला तेव्हा तिला इतकं कळलं नव्हतं. पहिल्यांदा डोक्यावरून हात फिरवला आणि हातात केसांचा पुंजका आला, तेव्हाही नव्हतं. आता कळलं. मोंजिया 'उत्तम' म्हणाली, म्हणजे आपण मेलो. यांनी आपल्याला पुरून टाकलंय आणि पुरलेल्या माणसाशी कुणी भांडत नाही.

ती उठली, जिना चढून गच्चीवर गेली. पाण्याच्या टाकीमागे लपवलेलं पाकीट काढलं आणि सिगारेट पेटवली. तीही लोखंडाचीच. तरी ओढत राहिली.

दोन मिनिटांनी जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला. मोंजिया वर आली, हातात उशी.

"ही राहिली," ती म्हणाली.

नझीहानं ती उशी कुठे ठेवावी ते सांगितलं. मापासकट सांगितलं. मासळीबाजार असता तर गिऱ्हाइकं पांगली असती.

"अगं, मी तुझ्या भल्यासाठी—"

"एकतीस वर्षं माझं भलं चिंतायला तुला फुरसत झाली नाही. आजच कशी झाली?"

"तू आजारी आहेस."

"आजारी आहे, बहिरी नाही. खोटं का बोललीस खाली?"

मोंजियानं ओठ आवळले. "हेदी म्हणाला, यंदा वाद घालायचा नाही. एम्ना पण म्हणाली, आईला आनंदी ठेवायचं. मला कागदावर लिहून दिलंय तिनं. आठ मुद्दे."

"दाखव."

"चुलीत घातला."

नझीहाला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. ती टाकीला टेकून खाली बसली. मोंजियाही गुडघे धरत बाजूला बसली आणि दोघींच्या मध्ये ती उशी पडून राहिली.

"मी गुरुवारी जाणार नाहीये," नझीहा म्हणाली.

"कुठे?"

"डोसला. पैज लावली होती मी. आज फुलांचा वास आला तर जायचं. नाही आला. मला गेले दीड महिने कसलाच वास येत नाही, मोंजिया. सगळं लोखंड. तुमच्यासमोर नुसती ऐट चाललीय माझी."

"पैज कुणाशी लावलीस?"

"फुलांशी."

"फुलांना काय अक्कल असते? उद्या गाढवाशी लावशील."

"ऐकून घे जरा. मला भीती वाटते. रात्री नाही, लोक म्हणतात तसं. भर दुपारी. भाजी चिरताना. ताहर नळाखाली पडलेला असतो, त्याचे नुसते पाय दिसतात, आणि मला वाटतं, मी गेल्यावर हा माणूस असाच नळाखाली पडून राहील, आणि कुणी ओढून काढणार नाही. हे मी कुणाला सांगू? सांगायला तोंड उघडलं की सगळे हसतात. इस्पितळात ती पोरगी कागद देते, त्रास किती, शून्य ते दहा. मी दर वेळी तीन सांगते."

मोंजियानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तीन?"

"तीन."

"गेल्या ईदला मी तुझी मकरूदची मिठाई कोरडी झाली म्हटलं, तेव्हा तुझा त्रास सात होता. आणि याचा तीन?"

मोंजियानं तिच्या बोटांतून सिगारेट काढून घेतली. विझवेल असं नझीहाला वाटलं, पण तिनं स्वतःच एक झुरका मारला.

"मी डिसेंबरपासून झोपले नाहीये," मोंजिया म्हणाली. "हेदीला वाटतं गुडघे दुखतात. 'काही होणार नाही' असं मी तुला म्हणणार नाही, मला काय ठाऊक? पण तू गेलीस की ते नाक माझ्याकडे येणार. मी 'झालं' म्हणणार आणि ही सगळी मेंढरं माना डोलावणार. त्यापेक्षा मलाच पुरा." तिनं नाक ओढलं. "मला पण भीती वाटते, बये. बोलायची सोय कुठे आहे? आठ मुद्द्यांत ते नव्हतं."

खालून चादरी झटकल्याचा आवाज आला. दोघी एक सिगारेट आळीपाळीनं ओढत बसल्या.

"आणि एक सांगते," मोंजिया म्हणाली. "खाली जो उतरलाय ना, तो अर्क नाही. कल्हईवाल्याच्या पिशवीत तोंड घालावं तसा वास आहे त्याला. नवसागर, झाळण, काय वाट्टेल ते. नव्या कल्हईनंतर नुसतं पाणी उकळून दोनदा फेकायचं असतं, ते तुझ्या नवऱ्यानं केलं नाही. असलं पाणी मी मेल्या मांजरावर शिंपडणार नाही."

नझीहा ताठ बसली. "म्हणजे धातूचा वास खरंच आहे?"

"आहे म्हणजे? एम्नाच्या डोळ्यांत पाणी आलं ते काय प्रेमानं?"

"मला धातूचाच वास येत होता." ती उठायला लागली. "मोंजिया, म्हणजे माझं नाक—"

"खाली बस. नाक काही जागेवर आलेलं नाही. तुला सगळ्यातच लोखंड येतं, आज योगायोगानं लोखंड होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. उगाच शेफारू नकोस."

एवढं सुख नझीहाला कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

मोंजिया पुढे आणि नझीहा मागे, अशा दोघी जिना उतरल्या. मोंजियानं सरळ जाऊन सुरई उचलली. हेदी धावला, पण तिनं ती भिंतीवर मारली नाही, मोरीत उपडी केली. भक्कन वास सुटला आणि एम्नानं ओढणी नाकाला लावली.

"काकू, काय केलंत हे?" ती ओरडली. "आई म्हणाली होती उत्तम आहे."

"तुझी आई खोटं बोलली. तू खोटं बोललीस. तुझा बाप, माझा नवरा आणि मी, सगळे खोटे. चार किलो फुलं गटारात गेली. आता सांगा, कुणाकुणाला नवसागराचा वास आला होता?"

आधी हेदीनं हात वर केला. मग एम्नानं. ताहर भट्टीपाशी उभा होता, हातात पाना. तो भट्टीकडे पाहत म्हणाला, "मी पाणी उकळून फेकलं नाही. लक्षातच आलं नाही. मला नुसतं वाटत होतं, लवकर चकचकीत व्हावी. दोन दिवस कल्हईवाल्याकडे दिली असती, तर..."

नझीहा त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "ताहर, घरातलं सगळं दुरुस्त झालं. मी सोडून. मला तू दुरुस्त करणार नाहीयेस, ते डॉक्टर बघतील. तू माझ्याजवळ नुसता बसत जा." मग तिनं सगळ्यांकडे वळून पाहिलं. "मला कॅन्सर झालाय. मला घाबरायला होतं. मला वास येत नाही. आणि उंटिणीचं दूध मी गेले दोन महिने लिंबाच्या झाडाला घालतेय."

"तरीच ते वाळलं," हेदी म्हणाला.

एम्ना आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली. तिला आनंदी राहायला कुणी सांगितलं नाही. ताहर चुलीजवळच्या पाटावर बसला आणि तोही रडला, पोरक्यासारखा, तोंड न झाकता. नझीहा मुलीच्या पाठीवर थोपटत उभी होती, तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला.

"म्हणजे तू नमाज नाही पढत?" रशीदा विचारत होती.

"नाही गं, रशीदा. टक्कल पडलंय."

"आजाराचं मला पहिल्यापासून माहीत आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण प्रवचनाला येशील असं मला खरंच वाटलं होतं. माळ राहू दे तुझ्याकडेच."

दुपारी मोंजियाच्या माहेरची जुनी, काळवंडलेली भट्टी हातगाडीवरून आणली. रशीदानं स्वतःसाठी ठेवलेली फुलं भिंतीवरून दिली. चूल पेटली, धार लागली. मोंजियानं पेला भरून नझीहाच्या नाकाशी धरला.

"काही नाही," नझीहा म्हणाली. "लोखंड."

कुणी हसलं नाही. मोंजियानं पेला स्वतःच्या नाकाशी नेला.

"सांग," नझीहा म्हणाली.

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे काय? लागतो कुठे? नाकाच्या शेंड्याला की कपाळात?"

"कपाळात."

"मागे कडू येतंय का? नारिंगाची साल चावल्यासारखं?"

"थोडं."

"थोडं की आहे?"

"आहे, आहे."

"मग थांब. कडू उतरायला लागलं की सांग. एकदम जातं ते."

मोंजिया दर मिनिटाला पेला भरत होती, हुंगत होती, आणि नझीहा डोळे मिटून तिची उलटतपासणी घेत होती. ओलं लागतंय का? मधासारखं की साबणासारखं? साबणासारखं म्हटल्यावर, रशीदाच्या साबणासारखं की दुकानातल्या? एकतीस वर्षांचं सगळं तिच्या डोक्यात होतं, फक्त दार बंद होतं. ती मोंजियाच्या नाकातून वाट काढत होती.

"कपाळातलं गेलं," मोंजिया म्हणाली.

"झालं. सुरई काढ."

"अजून नाही."

"मोंजिया, सुरई काढ."

"नाक माझं आहे."

"आणि डोकं माझं. काढ, नाहीतर भिंतीवर मारेन."

हेदीनं घाईघाईनं सुरई काढून दुसरी लावली. त्याचा चेहरा इतका उजळला होता की जणू मेलेलं कुणी परत आलं. पहिल्या सुरईला बूच बसलं, वर मेण लागलं, आणि ती कोठीच्या अंधारात गेली. तिथे ती शरदापर्यंत मुरणार होती. उघडताना कोण बरोबर होतं ते कळेल, असं मोंजियानं बजावलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उघडू, नझीहा म्हणाली. तिसऱ्या, मोंजिया म्हणाली.

"गुरुवारी किती वाजता निघायचं?" मग तिनं विचारलं.

"सातला. तू कशाला?"

"तिकडे पण तीन सांगशील म्हणून."

गुरुवारी ताहर इस्पितळाच्या व्हरांड्यात बसला. त्याचा पेचकस एम्नाच्या पर्समध्ये होता. आत त्या डॉक्टर मुलीनं नेहमीसारखा कागद पुढे केला आणि थर्मामीटरवर बोट ठेवलं. नझीहानं पेन उचललं.

"नऊ," शेजारच्या खुर्चीवरून मोंजिया म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?"

"मंगळवारी गच्चीवर नऊ होता. मी होते तिथे."

"आठ होता."

"नऊ."

"पेशंट कोण आहे तुमच्यात?" मुलीनं विचारलं.

"मी," नझीहा म्हणाली. तिचं पेन थोडा वेळ कागदावर थांबलं, मग तिनं खूण केली. "आठ माझे. नववा हिचा होता."

मुलीनं आकडा वहीत लिहिला, उठून दार लावलं आणि खुर्ची जवळ ओढली.